आधी गोळी बदला, मग नळी घासा

गेल्या दिवाळीला मंडळाच्या कार्यक्रमात एकाने चकली खाता खाता विचारलं, "काय रे, तू म्हणे हरणं मारतोस?" मी हो म्हटल्यावर आजूबाजूचे चार जण गप्पच झाले. त्यातले तिघे प्लॅस्टिकच्या ट्रेमधलं चिकन दर आठवड्याला आणणारे. असो. मला हरीण मारल्याची लाज वाटत नाही. लाज वाटते ती एका न मेलेल्या हरणाची. या शनिवारी त्याबद्दलच लिहितोय.

आमच्या पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर चकमकीच्या बंदुकीचा वेगळा सीझन असतो. ठासणीची बंदूक. तोंडाकडून आधी दारू ओतायची, मग ओशट कापडाच्या चकतीत बसवलेली शिशाची गोळी गजाने खाली ठासायची. बार एकच. चुकला तर दुसरा भरेपर्यंत हरीण टेकडीपलीकडे.

तीन वर्षांपूर्वी मी .50 कॅलिबरची अशी बंदूक घेतली आणि कॅटलॉग बघून जवळजवळ इंचभर लांबीच्या, टोकदार, भारी गोळ्या मागवल्या. दुकानदार म्हणाला, "लांबवर मारते." झालं! निशाणावर पाच-सहा बार टाकले, काही लागले, काही नाही. म्हटलं, नवी नळी आहे, रुळेल. डिसेंबरात साठ यार्डांवरच्या मादीवर चाप ओढला. बर्फावर रक्त दिसलं. अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माग काढला. सापडली नाही.

त्यानंतर मी काय केलं असेल? इंजिनिअर माणूस, दोष हार्डवेअरवर ढकलला. नळी आतून खडबडीत असणार, घासून आरशासारखी करू, असं ठरवून पॉलिशची पेस्ट घेऊन आलो. शेजारचे आजोबा (गोरेच आहेत, पण मी मनात आजोबाच म्हणतो) कुंपणावरून बघत होते. त्यांनी माझा निशाणाचा पुठ्ठा मागितला आणि एका भोकावर बोट ठेवलं. भोक गोल नव्हतं, लांबट होतं. माझी गोळी हवेत कोलांट्या मारत आडवी लागत होती!

कारण साधं आहे. नळीतल्या खाचांना पीळ असतो, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि सरळ जाते. गोळी जितकी लांब तितका पीळ घट्ट हवा. ग्रीनहिल नावाच्या इंग्रज गणितज्ञाने 1879 साली याचं सूत्र दिलं. शिशाच्या गोळीसाठी ढोबळ हिशेब असा: व्यासाचा वर्ग गुणिले 150, भागिले गोळीची लांबी, सगळं इंचात. उत्तर येईल तितक्या इंचांत एक वेढा हवा. माझ्या नळीत 66 इंचांत एक वेढा. उलटा हिशेब केला तर तिला झेपणारी गोळी फार तर 0.57 इंच लांब. म्हणजे जवळपास गोल गोळीच! माझ्या इंचभर गोळीला 37-38 इंचांत वेढा हवा होता. हे गणित नववीतल्या मुलाला येईल. मी केलं नव्हतं.

पीळ मोजायला पैसे लागत नाहीत. आधी नळी रिकामी आहे ना, हे गज टाकून बघा. मग घट्ट चिंधी लावलेला, मुठीत मोकळा फिरणारा गज आत सरकवा आणि किती इंचांत तो पाव वेढा फिरतो ते बघा. त्याला चारने गुणा.

आता कोणी म्हणेल, म्हणजे गोल गोळीच श्रेष्ठ का? अजिबात नाही. आधुनिक इनलाइन बंदुकीत 28 इंचांत वेढा असतो, तिथे लांब गोळीच बरोबर. गोल गोळीची मर्यादाही उघड आहे. सुमारे 1800 फूट वेगाने निघालेली गोळी शंभर यार्डांवर हजाराच्या आसपास येते, जोर एक तृतीयांश उरतो. त्यामुळे मी आता साठ यार्डांपलीकडे चाप ओढत नाही. कॅलिफोर्नियात 2019 पासून शिकारीला शिसं बंद आहे. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी आणखी लांब होते. म्हणजे तिथे तर हा हिशेब टाळताच येणार नाही.

आणि घासणं? घासावं, पण पुरावा असेल तर. बार टाकल्यावर समोर पडलेली कापडाची चकती उचलून बघा. खाचांच्या रेषेवर कापली गेली असेल तर नळीच्या कडा धारदार आहेत. जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ किंवा चरबी कमी. पहिल्या प्रकारात भांडी घासायची हिरवी घासणी तेल लावून गजाच्या टोकावर चढवा, थोडे हात मारा, पुसा, पुन्हा बार टाकून बघा. शे-दीडशे बारांत बहुतेक कडा आपोआपच मऊ होतात. पेस्ट लावून तासभर घासणाऱ्यांना एकच सांगणं, गेलेलं लोखंड परत येत नाही. त्यात गजाने तोंडाची कड झिजली तर नेम कायमचा गेला. इथे अंडू नाही.

आपल्या लोकांची ही खोडच आहे. कोड चालत नाही? नवा सर्व्हर घ्या. मोजायचा कंटाळा, खर्चाचा उत्साह. ऑफिसात त्याने फार तर रिलीज लांबते. जंगलात कोणीतरी पोटात शिसं घेऊन रात्रभर बर्फात चालतं.

माझी पेस्टची डबी गराजमध्ये तशीच आहे, सीलबंद. फेकत नाही. दर डिसेंबरात एकदा बघतो.