रक्त आमचं, प्रश्न कुणाचा?



हा अंक संशोधनावर काढतोय म्हटल्यावर काही मित्रांनी नाकं मुरडली. म्हणाले, पोरांना खोट्या केसेसमध्ये गुंतवतात, बायांना पाण्यावर अडवतात, अन् तुम्ही पीएच.डी.च्या गप्पा काय मारता? संशोधन हा पोट भरलेल्यांचा धंदा.

त्यांना एवढंच सांगायचंय की संशोधन आपल्या वस्तीत केव्हाच येऊन गेलंय. सुई घेऊन आलं, फॉर्म घेऊन आलं, टेपरेकॉर्डर घेऊन आलं. आपलं रक्त नेलं, पोरांची वजनं नेली, बायांच्या बाळंतपणांचा हिशोब नेला, म्हाताऱ्यांची गाणी नेली. त्यावर प्रबंध झाले, पदव्या झाल्या, परदेशवाऱ्या झाल्या. ज्याच्या दंडात सुई टोचली त्याला निकाल सांगायला मात्र सहसा कुणी परत आलं नाही. संशोधनात आपण आहोतच. फक्त टेबलाच्या अलीकडे आहोत, नमुना म्हणून. पलीकडच्या खुर्चीवर कोण बसलाय, हा या अंकाचा सवाल.

विद्यापीठांत हल्ली 'संशोधनाची विविधता' हा शब्द फार चालतो. विज्ञानात अमुक विषय, शिक्षणात तमुक, आरोग्यात ढमुक. याद्या वाचून पाहुणे टाळ्या वाजवतात. विषय शंभर असतील बाबा, पण ते ठरवणारे किती घरांतून आले? सगळे प्रश्न एकाच आळीतून निघत असतील तर शंभर विषयांतही एकच नजर फिरत राहते. हे नुसतं भाषण नाही. पुरावा देतो, तोही आपल्याच रक्ताचा.

विदर्भात सिकलसेल कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली कुठंही जा. गोंड, माडिया, परधान यांच्या घरांत आहे, आणि पूर्वाश्रमीच्या महारांच्या, म्हणजे आज बौद्ध म्हणवणाऱ्या आपल्या घरांतही आहे. तिकडे सातपुड्यात भिल्ल-पावरांत आहे. लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, अन् पोरगं हाडं धरून रात्रभर ओरडतं. आईबापाकडून एकेक दोष आला तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आला तर 'एएस', म्हणजे वाहक; त्याला सहसा त्रास नसतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता चारात एक.

हा आजार वैद्यकाच्या कागदावर आला १९१० मध्ये, शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरमुळे. त्याचा रुग्ण दातांच्या वैद्यकीचा काळा विद्यार्थी होता. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत तो सापडला. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसननं दाखवलं की वाहकाला मलेरियापासून संरक्षण मिळतं, म्हणून जिथं पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथं हा दोष टिकला. मागच्या जन्मीचं पाप नाही, देवीचा कोप नाही. डासानं अन् जंगलानं लिहिलेला इतिहास आहे. ही विज्ञानाची थोर कामगिरी आहे. बाबासाहेबांची लेकरं विज्ञानाची वैरी होऊच शकत नाहीत.

पण पुढं बघा. रेणू कळला १९४९ ला. आणि या आजारासाठी अमेरिकेत पहिलं औषध, हायड्रॉक्सियुरिया, मंजूर झालं १९९८ ला. एकोणपन्नास वर्षं! तेही नवं शोधलेलं नव्हे, कॅन्सरसाठी आधीच वापरात असलेलं. अमेरिकेत सिकलसेलचे रुग्ण सुमारे १ लाख, बहुतेक काळे. सिस्टिक फायब्रोसिस नावाचा आजार मुख्यतः गोऱ्यांचा. त्याचे रुग्ण याच्या निम्म्याहूनही कमी. तरी दर रुग्णामागे संशोधनाचा पैसा तिकडे कितीतरी पट जास्त गेला. रेणूला रंग नसतो. तिजोरीच्या किल्लीला असतो.

१९७२ साल आठवा. त्या साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे आपल्याला पाठ आहे. अमेरिकेतल्या ज्या ब्लॅक पँथरवरून ते नाव घेतलं, तिनं बंदुकीच्या फोटोंपलीकडे काय केलं, हे मात्र आपल्याकडे कमी सांगितलं जातं. १९७१ पासून त्यांनी आपल्या मोफत दवाखान्यांतून काळ्या वस्त्यांत सिकलसेलच्या तपासण्या सुरू केल्या. सरकार करत नाही ना, मग आम्ही करतो. १९७२ मध्ये निक्सन सरकारला या आजारासाठी कायदा करावा लागला. अन् त्याच वर्षी टस्कीगीचं बिंग फुटलं. अलाबामात सरकारी आरोग्य खात्यानं १९३२ पासून सिफिलिस झालेल्या ३९९ काळ्या पुरुषांना उपचाराविना ठेवून आजार कसा वाढतो ते 'पाहिलं'. पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. चाळीस वर्षं! दोन्ही ठिकाणी माणसं तीच, काळी, गरीब. एका ठिकाणी ती नमुना होती, दुसऱ्या ठिकाणी प्रश्न त्यांनी स्वतः विचारला होता. फरक एवढाच, अन् तोच सगळा फरक.

आता इकडे या. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं. ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. तपासणी व्हायलाच हवी. आशाताई बोलवायला आली तर जा, पोरांना न्या. तपासणीनंतर कार्ड मिळतं. सल्ला असा की लग्नाआधी दोघांची कार्डं जुळवून पाहा, दोघंही वाहक असतील तर विचार करा. म्हणजे कुंडलीच्या जागी कार्ड आलं. अन् आपल्या समाजाची रीत ठाऊक आहे. पोराचं कार्ड खिशात राहतं, पोरीचं गावभर होतं. लग्न मोडतं तिचं. अमेरिकेत सत्तरच्या दशकात नुसतं वाहक असल्यावरून काळ्यांना नोकऱ्या अन् विमा नाकारला गेला. हवाई दलाच्या अकादमीचं दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होतं. कार्डाचा बिल्ला व्हायला वेळ लागत नाही.

इथंच आमचा प्रश्न. हा दोष पिढ्यान्‌पिढ्या ठराविक जाती-जमातींतच का फिरत राहिला? मलेरिया काय जात विचारून चावत होता? नाही. मलेरियानं तो टिकवला, पण जातीतल्या जातीत लग्न लावणाऱ्या व्यवस्थेनं तो कुंपणात कोंडला. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी निबंध वाचला. जातीचं मूळ मर्म म्हणजे जातीतच लग्न, हे त्यांनी तिथं मांडलं. शंभर वर्षांहून जास्त काळ झाला. समाजशास्त्रवाले तो निबंध शिकवतात, रक्तशास्त्रवाले त्याच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत. जातीबाहेर लग्नं झाली तर दोन वाहकांची गाठ पडण्याची शक्यता किती घटेल? हा आकडेमोडीचा, चोख विज्ञानाचा प्रश्न आहे. पण तो जाहिरातीत येत नाही, पोस्टरवर येत नाही. का येत नाही? जात हा आजार ज्याला वाटतच नाही, त्याला हा प्रश्न सुचेल कसा?

दुसरा पुरावा मराठवाड्यातला. तेव्हाचा उस्मानाबाद, आता धाराशिव जिल्हा. १९९९ पासून तिथं ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास झाला. चार गट पाडले. तीन गटांना वेगवेगळ्या पद्धतींनी तपासलं. चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायांना अभ्यासातर्फे तपासणी नव्हती. तपासणी कुठं मिळते एवढा सल्ला होता. २००९ मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कॅन्सरनं ३४ बाया मेल्या, न तपासलेल्या गटात ६४. एका तपासणीनं जीव वाचतात हे सिद्ध झालं अन् ते जगाच्या कामी आलं. ते नाकारत नाही. पण तपासणीनं हा कॅन्सर लवकर सापडतो, हे १९४० च्या दशकापासून माहीत होतं. मग एका गटाला वगळलं कशाच्या आधारावर? बचाव असा झाला की भारतात अशी तपासणी मुळात होतच नाही, तेव्हा त्या बायांचं काही हिरावलं नाही.

नीट ऐका, दोस्तहो. आधी सरकारनं काही द्यायचं नाही. मग 'काही नाही' हीच इथली रीत म्हणून तिच्यावर शास्त्र उभारायचं. ६४ हा आकडा तक्त्यातल्या एका चौकोनात आहे. त्या बाया कुणाच्या आया होत्या. आपल्या आयांची न तपासलेली पिशवी हा जगाचा मापदंड झाला! नियमाप्रमाणे नीतिसमितीत एक सामान्य माणूस असावा लागतो. तो सामान्य माणूस कुठल्या आळीतला असतो, यावर कुणीतरी संशोधन करा.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. १८८२ मध्ये जोतीरावांनी हंटर कमिशनपुढं सांगितलं होतं की कर भरतो शेतकरी अन् शिकतो वरच्या जातीचा. आज प्रयोगशाळेतलं यंत्रही आपल्या काडेपेटीवरच्या करातून येतं. चालवतो कोण? जानेवारी २०२३ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेनं आकडे छापले: देशातल्या पहिल्या पाच आयआयटींत ९८ टक्के प्राध्यापक वरच्या जातींतले. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती १६.६ टक्के, जमाती ८.६ टक्के. मग शिक्षणावरचे प्रबंध निघतात ते असे: दलित मुलांची गळती का होते? आईबाप अडाणी, घरात वातावरण नाही, वगैरे. मुलगा फुटक्या मडक्यासारखा गळतो म्हणे! शाळा त्याला कशी हाकलते, मास्तर त्याला कुठं बसवतो, यावर प्रबंध कमी.

अन् त्यातून जो वर चढतो, त्याचं काय होतं? दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कसं वागवतात, ते थोरात समितीनं २००७ मध्ये लिहून ठेवलं. २०१६ च्या जानेवारीत हैदराबाद विद्यापीठात पीएच.डी. करणारा रोहित वेमुला गेला. त्याची फेलोशिप कित्येक महिने थकली होती. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली, एम.डी. शिकणारी आदिवासी लेक. हे दोघं जगले असते तर कुठले प्रश्न विचारले असते? ते आपल्याला कधीच कळणार नाही. संशोधनाचं हे नुकसान कुठल्या अहवालात मोजलं जातं? २०२३ मध्ये बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानात ठाण मांडावं लागलं. ज्यानं ग्रंथालयात बसायचं तो मंडपात बसला. मराठवाड्यातल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळायला १९७८ ते १९९४, सोळा वर्षं अन् कितीतरी रक्त लागलं. नाव कमानीवर लागलं. कमानीच्या आत किती पोचलो?

आता थोडं आपल्या घरातलं. आपली पोरं पीएच.डी. करतात, पण बहुतेक साहित्यात नाहीतर समाजकार्यात. गाईड सांगतो, तुम्ही आपलं दलित साहित्य घ्या, तुम्हाला सोपं जाईल. अन् आपण मान डोलावतो. दलित साहित्यावर शंभर प्रबंध झाले. संख्याशास्त्रात, औषधशास्त्रात, पदार्थविज्ञानात किती? बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला तेव्हा कुणी म्हटलं नव्हतं की अस्पृश्यानं अस्पृश्यतेवरच लिहावं. अन् जो प्राध्यापक झाला, तो वस्ती सोडतो, दारावरच्या पाटीतून आडनाव गाळतो अन् सेमिनारात आपल्यालाच 'तो समाज' म्हणतो. असला दलित ब्राह्मण खुर्चीवर बसला काय अन् न बसला काय.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. वस्तीत संशोधन झालं तर निकाल वस्तीच्या सभेत, मराठीत, गोंडीत, भिलीत सांगा. संमतीपत्र वाचून दाखवा अन् त्याची प्रत द्या. अंगठा ही संमती नव्हे. फेलोशिप नोंदणीच्या दिवसापासून अन् दर महिन्याला द्या. कार्डामुळं पोरीचं लग्न मोडणार नाही, पोराची नोकरी जाणार नाही, याला कायद्याची हमी द्या.

अन् पोरापोरींनो, तुमच्याकडून काय हवं तेही सांगतो. कुणी रक्त घ्यायला आलं तर हाकलू नका. विचारा: कशासाठी, कुणाच्या पैशानं, निकाल केव्हा? गणिताला भिऊ नका. आपल्या आयांची मरणं तक्त्यात असतात, तक्ता वाचता आला पाहिजे. गाईडनं सोपा विषय दिला तर अवघड मागा. आणि तुमच्या वस्तीला पडलेला, कुठल्याच प्रबंधात नसलेला एकेक प्रश्न लिहून आमच्याकडे पाठवा. पोस्टकार्डावर पाठवा, वहीच्या पानावर पाठवा, शुद्धलेखनाची फिकीर नको. पुढचा अंक त्या प्रश्नांचाच काढू.

रक्त पुष्कळ दिलं. आता प्रश्न आपले, अन् खुर्चीही मागायची.

जय भीम!

— संपादक