कंबर नेमकी कुठे मोजायची?

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचं शेजारी-शेजारी उभं असलेलं छायाचित्र छापून आलं. एक लंडनचे जॉन युडकिन आणि दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक. दोघंही दिसायला सडसडीत. वजन आणि उंची यांच्या हिशेबातून निघणारा बीएमआय दोघांचा अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली, तेव्हा मात्र युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. काट्याच्या लेखी जुळे वाटावेत असे हे दोघे, पण पुणेकर डॉक्टरांच्या अंगात चरबी दुपटीहून जास्त होती.

हे काही याज्ञिकांचं एकट्याचं दुखणं नव्हे. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएमच्या चमूने १९९३ पासून गर्भवतींचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. आपली बाळं स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी आणि बांध्याने लहान होती. पण कातडीखालची चरबी त्या मानाने शाबूत होती. हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे, हा पेठांपासून हिंजवडीपर्यंत सर्रास दिसणारा देह म्हणजे एकट्या बाकरवडीची करणी नव्हे. जगभर बीएमआय २५ झाला की वजन जास्त धरतात, पण भारतीयांसाठी ती रेघ म्हणूनच २३ वर ओढली आहे.

इतकं सगळं याच शहरात सिद्ध झालं, तरी वजन कमी करायचं ठरलं की पुणेकराच्या तोंडी येतो तो किलोचाच आकडा, तोही गोल. ‘डिसेंबरात लग्न आहे, दहा किलो उतरवायचेत.’ दहाच का, आठ का नाही, याला उत्तर नसतं. पहिल्या आठवड्यात दोन किलो झपकन उतरतात आणि घरात पेढे वाटायचेच बाकी राहतात. त्यातलं बरंचसं पाणी असतं. शरीरात साठलेली साखर संपताना सोबतचं पाणीही घेऊन जाते. पुढे काटा अडून बसतो, चिडचिड सुरू होते आणि तिसऱ्या आठवड्यात जिमची पावती पाकिटात नुसती पडून राहते.

मग आकडा धरायचा तरी किती? अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून जास्त लोकांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. त्यातल्या एका गटाला लक्ष्य दिलं होतं ते वजनाच्या फक्त सात टक्क्यांचं, आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्यासारख्या व्यायामाचं. ऐंशी किलोच्या माणसाला हे साधारण साडेपाच किलो पडतात. गंमत अशी की सहा महिन्यांनी जेमतेम निम्म्या लोकांनी हे लक्ष्य गाठलं होतं, आणि शेवटच्या तपासणीला तर ३८ टक्केच लोक तिथे टिकून होते. शाळेच्या हिशेबाने नापासच म्हणायचे. तरीही या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्या गटाच्या तुलनेत ५८ टक्क्यांनी घटलं!

उलट टोकाचं उदाहरणही अमेरिकेचंच. ‘बिगेस्ट लूझर’ या टीव्ही स्पर्धेत काही महिन्यांत सरासरी ५८ किलो उतरवलेल्या १४ जणांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. सरासरी ४१ किलो परत आले होते. शिवाय बसल्या जागी त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे पाचशे कॅलरी कमी खर्च करत होतं.

मराठी घरांत मध्यंतरी ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद टिळक-आगरकरांच्या आवेशात रंगला होता. दीक्षितांचा सल्ला दोनदाच जेवा, तर आहारतज्ज्ञ दिवेकरांचा सल्ला थोड्या-थोड्या वेळाने खा. डाव्या-उजव्याचा निकाल बाजूला ठेवू, पण डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं म्हणणं एवढं पसरलं, याचं एक कारण सरळ आहे. त्यात माणसाच्या हातातल्या गोष्टी आहेत: दोन वेळा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाल. आज चाललो की नाही, हे रात्री झोपताना ठामपणे सांगता येतं. ‘दहा किलो’ला तशी सोय नाही. अर्थात मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्याने डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा बदलणं धोक्याचं.

आता पुणेकरांची रविवारची चाल, म्हणजे सिंहगड. आतकरवाडीतून वर जायला साधारण साडेपाचशे-सहाशे मीटरची उभी चढण. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाच्या यात चारशे ते पाचशे कॅलरी जळतात. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. म्हणजे किलोभर उतरवायला पंधरा ते वीस रविवार लागतील, तेही वर पोचल्यावर कांदाभजीच्या वासाकडे पाठ फिरवून, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही न खाता. असा पुणेकर अजून जन्मायचा आहे. गड चढावा तो हृदयासाठी, गुडघ्यांना झेपेल तेवढा आणि दह्यासाठी. वजनाचा हिशेब आठवड्याच्या उरलेल्या सहा दिवसांत, घरच्या ताटात मांडायचा.

आणि काट्याच्या जोडीला शिंप्याची टेप हवीच. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ८० च्या आत असावी, असं डॉक्टर सांगतात. ती मोजायची शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता. पँटचा नंबर इथे उपयोगाचा नाही. पोट सुटलेले बरेच गृहस्थ पँट पोटाखाली बांधतात, आणि तिथला नंबर कॉलेजात होता तोच, चौतीस, असं अभिमानाने सांगतात.