वृद्धाश्रम निवडताना: कायदा अपुरा, तपासणी तुमचीच

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात वृद्धाश्रम काढण्याची तरतूद आहे. वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आले, पण २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच बारगळले. म्हणून पाहणी तुम्हालाच करावी लागते.

न कळवता, शक्यतो संध्याकाळी जा. रात्री किती जणांमागे एक मदतनीस असतो, औषधे दिल्याची नोंद होते का, न्हाणीघरात धरायला दांडा आहे का, हे पाहा.

आई-वडिलांना ठेवल्यावर दर भेटीत त्यांचे माकडहाड आणि टाचा तपासा. तिथला लाल किंवा काळसर डाग दाबूनही फिका होत नसेल, तर ती बेडसोअरची सुरुवात असू शकते. कूस वेळेवर बदलतात का, ते लगेच विचारा. हयगय दिसल्यास १४५६७ या एल्डरलाइनवर कळवा.