खडी फोडणाऱ्यांचा फोटो कुठाय?

गेले तीन वीकेंड मी अमेरिकेतले गरीब लोक बघतोय. म्हणजे फोटोंत. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साईटवर १९३५ ते १९४४ या काळातला एक सरकारी फोटोसंग्रह आहे. आधी महामंदी, मग महायुद्ध. सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्ह आणि सोळाशेच्या आसपास रंगीत फोटो. घरबसल्या बघा, डाऊनलोड करा, छापा, टी-शर्टवर लावा. कोणी विचारत नाही.

काढले कोणी? तर गरीब शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या आणि त्यांचं पुनर्वसन करणाऱ्या एका सरकारी खात्याने! फार्म सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशन. (आपल्या कृषी खात्याने मूठभर फोटोग्राफर पगारावर ठेवून खेडोपाडी पाठवले, अशी कल्पना करून बघा. नाही ना होत?) रॉय स्ट्रायकर नावाचा अर्थशास्त्राचा एक मास्तर या विभागाचा प्रमुख होता. तो फोटोग्राफरांना यादी करून द्यायचा. संध्याकाळी घरात लोक काय करतात? कामावर माणूस कसा दिसतो आणि कामावरून सुटल्यावर कसा दिसतो?

त्यामुळे या संग्रहात नुसतं रडगाणं नाही. न्यू मेक्सिकोत पाय टाऊन नावाचं एक टिचभर गाव आहे. रसेल ली तिथे १९४० साली गेला. त्या गावातली माणसं शेतात दिसतात, घरात जेवताना दिसतात, नाचताना दिसतात. त्या गावाशी माझा काडीचा संबंध नाही. पण तिथले लोक १९४० साली कसे राहत होते हे मी आज सांगू शकतो.

आता सर्च बॉक्समध्ये आपली गावं टाकू. जामखेड १९७३. पारनेर १९७३. पाथर्डी १९७३. कर्जत १९७३.

शोधून बघा आणि मला सांगा काय मिळालं ते.

ज्यांना बहात्तरचा दुष्काळ म्हणजे नुसती म्हण वाटते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९७० पासून पाऊस दगा देत होता आणि १९७२ ला त्याने कंबरडंच मोडलं. आमचा नगर जिल्हा (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर) त्यात भरडून निघाला. सरकारने दुष्काळी कामं काढली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी. मे १९७३ मध्ये राज्यभरात या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. पन्नास लाख! त्यात बायका मोठ्या संख्येने. लोकांनी अमेरिकेहून आलेली लाल मिलो खाल्ली, मुलांनी सुकडी खाल्ली. वि. स. पाग्यांच्या डोक्यातली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर वाढली, तिचा १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे २००५ साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला, त्याचं मूळ इथलं.

म्हणजे जगाने अभ्यासावी अशी गोष्ट आपल्या मातीत घडली. अभ्यासलीही गेली. आकडे आहेत, अहवाल आहेत, प्रबंध आहेत. चेहरे कुठायत?

माझी आजी त्या पन्नास लाखांतली एक. वय वीस-एकवीस. पाझर तलावाच्या कामावर पाट्या वाहायची, नंतर रस्त्यासाठी खडी फोडली. माझे वडील तेव्हा वर्षाचे. बाभळीला लुगड्याची झोळी बांधून त्यात टाकलेले. त्या दोन वर्षांचा आमच्या घरात एकही फोटो नाही. साहजिक आहे. ज्या घरात मिलोच्या भाकरीची भ्रांत, त्या घराने फोटो काय काढायचा? म्हणूनच तर हे काम सरकारचं होतं, वर्तमानपत्रांचं होतं, शहरातल्या कॅमेरेवाल्यांचं होतं.

इथे आले की मित्र ठरलेली उत्तरं देतात. एकेक घेऊ.

उत्तर पहिलं: "अरे, तेव्हा आपल्याकडे कॅमेरे होते कुठे?"

होते. भारत सरकार तेव्हा स्वतः फिल्म बनवत होतं! उटीची हिंदुस्तान फोटो फिल्म्स १९६० ची, उत्पादन १९६७ पासून, 'इंदू' ब्रँड. फिल्म्स डिव्हिजन मुंबईत १९४८ पासून होतं. राज्य सरकारचं प्रसिद्धी खातं होतं. आणि कमाल बघा, मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, म्हणजे ऐन दुष्काळात. यंत्र होतं, फिल्म होती, पगारी माणसं होती. फोटो काढलेही गेले असणार. मंत्र्यांचे दौरे, भेगाळलेली जमीन, खपाटीला गेलेलं जनावर. पण ते काढणं वेगळं, आणि गावाचं नाव, माणसाचं नाव, तारीख लिहून, नंबर देऊन, पन्नास वर्षांनी एखाद्या नातवाला सापडेल असं ठेवणं वेगळं. तिथे कॅमेरा कमी पडला नाही. कारकुनी कमी पडली. आणि कारकुनीत आपण कमी आहोत असं निदान सरकारी खात्यांबद्दल तरी कोणी म्हणू नये. त्याच कामांची मस्टरं भरलीच ना? अंगठे घेतलेच ना?

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर फोटो हा डेटा आणि त्याखालची ओळ हा मेटाडेटा. मेटाडेटा नसलेला डेटा म्हणजे कचरा. अमेरिकन संग्रहातल्या बहुतेक फोटोंखाली जागा, महिना, साल आणि काय चाललंय ते लिहिलंय. त्या एका ओळीमुळे तो संग्रह आहे, नाहीतर नुसता ढीग असता.

उत्तर दुसरं: "गरिबीचं प्रदर्शन कशाला मांडायचं?"

या प्रश्नामागची चीड मला कळते. १८७६-७८ च्या दुष्काळात विलोबी हूपर नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने मद्रास इलाख्यात भुकेल्या माणसांचे सांगाडे रांगेत बसवून फोटो काढले. ते बघवत नाहीत, आणि त्या लोकांचं नाव-गाव काहीच कळत नाही. हे प्रदर्शन. पण त्यावर उपाय काय, तर फोटोच नकोत? याच देशात १९४३ साली सुनील जाना बंगालच्या दुष्काळात गेला आणि त्याचे फोटो 'पीपल्स वॉर' या पक्षाच्या पत्रात छापून आले तेव्हा लोक हादरले. तोही भुकेचाच फोटो होता. पण तो बघणाऱ्याला जाब विचारत होता.

आणि लाज कोणाला वाटते हो? आजीला तर नाही वाटत. ती मिलोच्या भाकरीचे किस्से हसत सांगते. तिच्या जोडीने खडी फोडणारी एक मैत्रीण होती, पुढे ती लवकर गेली. आजी मला एकदा म्हणाली, "तिचं तोंड आता आठवंना बघ." तिला दुष्काळ बघायचा नाहीये मंडळी, तिला तिची मैत्रीण बघायचीये. गरिबीच्या फोटोंची लाज वाटते ती आपल्याला, एका पिढीत पुण्यात टू बीएचके घेतलेल्यांना.

उत्तर तिसरं: "ते अमेरिकन फोटो म्हणजे सरकारी प्रचार होता."

होताच! रूझवेल्टच्या योजना लोकांच्या गळी उतरवायला तो विभाग काढला होता. स्ट्रायकर न आवडलेल्या निगेटिव्हला चक्क भोक पाडायचा. आर्थर रॉथस्टीनने १९३६ साली बैलाची कवटी इकडची तिकडे सरकवून फोटो काढले म्हणून केवढी बोंब झाली. आणि डोरोथिया लँगचा तो जगप्रसिद्ध फोटो, 'मायग्रंट मदर', १९३६ चा. त्या बाईचं नाव लँगने विचारलंच नाही. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे तिचं नाव जगाला कळलं १९७८ साली, आणि त्या फोटोचा आपल्याला एक पैसाही मिळाला नाही हे तिनेच सांगितलं.

पण हे सगळं आपल्याला कळलं कसं? निगेटिव्ह जपल्या म्हणून. भोकं पाडलेल्यासुद्धा जपल्या. १९४२ साली जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत डांबलं, त्याचे फोटो याच लँगने सरकारसाठी काढले. लष्कराने ते दाबून ठेवले. पण फाडले नाहीत. आज ते त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि सरकारविरुद्धचा पुरावा म्हणून उभे आहेत. त्याच साली गॉर्डन पार्क्सने सरकारी इमारतीत झाडू मारणाऱ्या एला वॉटसन या कृष्णवर्णीय बाईला झेंड्यासमोर उभं करून फोटो काढला, तोही सरकारच्याच दप्तरात. प्रचाराच्या संग्रहातून प्रचार खोटा पाडता येतो. जो संग्रहच नाही त्यातून काय खोटं पाडणार, कपाळ?

उत्तर चौथं, आणि हे सर्वांत फसवं: "आता काय, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे."

बरं. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाईल अॅपने हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो, वेळेसकट, अक्षांश-रेखांशासकट. स्ट्रायकरला स्वप्नातही दिसला नसता एवढा मोठा कष्टकऱ्यांचा फोटोसंग्रह! पण तो काढला कशासाठी? मजूर खोटं बोलतोय असं धरून, त्याला पकडण्यासाठी. ते फोटो उघडून बघा. उन्हात ओळीने उभे केलेले लोक, निम्मे चेहरे पदराआड, निम्मे धूसर. आणि जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच पत्रक काढून सांगावं लागलं की कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोचे फोटो असलं काहीबाही अपलोड होतंय. पकडायला काढलेल्या फोटोत पकडणाराच फसला. असो.

खिशातल्या कॅमेऱ्याचं म्हणाल तर २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या होत्या. माणसं महिनोन् महिने जनावरांसोबत तिथे राहिली. तुमच्याकडे आहेत ते फोटो? होते, व्हॉट्सअॅपवर. व्हॉट्सअॅप पाठवताना फोटो दाबून लहान करतं आणि आतली तारीख-जागा काढून टाकतं. मग फोन बदलला. संपलं. १९३६ ची निगेटिव्ह आज शाबूत आहे आणि २०१३ चा चाऱ्याच्या रांगेतला बाप गायब आहे.

आपल्याला जपता येत नाही असंही नाही. नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ पासून. किल्ल्यात नेहरूंना १९४२ ते ४५ डांबलं होतं ती खोली जपलीय. उत्तमच. हेमा राईरकर आणि गी पॉयटविन यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, गाणारीच्या आणि गावाच्या नावासकट. आज त्या 'पारी'वर ऐकायला मिळतात. दोन माणसांनी मनावर घेतलं तर बायकांचा आवाज असा जपता येतो. मग अख्ख्या सरकारला बायकांचे चेहरे का जपता येऊ नयेत?

मागणी साधी आहे. राज्याचं प्रसिद्धी खातं, फिल्म्स डिव्हिजनचा ठेवा (आता एनएफडीसीकडे) आणि जुनी दैनिकं, यांच्याकडे १९७० ते ७३ चं जे काही असेल ते स्कॅन करून, गावाच्या नावासकट, फुकट खुलं करा. कायदा इथेही आडवा येतो बरं का. अमेरिकेत केंद्र सरकारी नोकराने कामाचा भाग म्हणून काढलेल्या फोटोवर कॉपीराईटच नसतो. आपल्या १९५७ च्या कायद्यात सरकारी कृतीवर प्रसिद्धीनंतर साठ वर्षं हक्क राहतो. म्हणजे १९७३ साली छापलेला सरकारी फोटो मोकळा होणार २०३४ उजाडल्यावर. आणि कधी छापलाच नसेल तर ती साठ वर्षं मोजायला सुरुवातच झालेली नाही! जनतेच्या पैशाने जनतेचा काढलेला फोटो, आणि तो बघायला जनतेनेच परवानगी मागायची.

सरकार करेल तेव्हा करेल. दुसरं काम आपलं आहे आणि त्याला मुदत आहे. बहात्तर साली विशीत असलेला माणूस आज सत्तरी ओलांडून गेलाय. तालुक्याच्या गावातले जुने फोटो स्टुडिओ बंद पडतायत. आमच्या तालुक्यातल्या एका स्टुडिओवाल्या काकांनी तीन पोती निगेटिव्ह भंगारात घातल्या, कारण दुकानात नातवाचं मोबाईल रिपेअरिंग सुरू करायचं होतं. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण ती पोती मागायला एकही माणूस गेला नव्हता.

तर पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा एवढं करा. पत्र्याच्या पेटीतले फोटो बाहेर काढा. आजी-आजोबांना समोर बसवा आणि प्रत्येक फोटोतला माणूस कोण, कुठला, कधीचा हे विचारून मागे मऊ पेन्सिलीने लिहा. फोटो नसेल तर त्यांना घेऊन त्या पाझर तलावावर जा, बांधावर उभं करून आजचा फोटो काढा आणि खाली नाव, गाव, त्यांनी तिथे किती दिवस काम केलं ते लिहा. काम झालं की मला पाठवा. मूळ फाईल, ईमेलने. व्हॉट्सअॅपवर पाठवाल तर शिव्या खाल.