गाणे स्वतःच्या नावावर

किनवट - किनवट-माहूर परिसरातील लग्नाच्या वरातींत २०२४ पासून 'गुलाबी साडी' हे गाणे हमखास ऐकू येते. तांड्यावरची वरात असो की शहरातील, डीजेवाल्याला त्याची फर्माईश होतेच. मात्र, हे गाणे कोणत्या चित्रपटातील, असा प्रश्‍न विचारला, तर त्याला उत्तर नाही. कारण ते कोणत्याच चित्रपटातील नाही. त्यामागे कुठलीही बडी चित्रसंस्था नाही. जळगाव जिल्ह्यातील धानवड या छोट्या गावातून आलेल्या संजू राठोड यांनी ते लिहिले, गायले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवरून प्रसिद्ध केले. संगीताची साथ 'जी-स्पार्क' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या भावाची. बंजारा समाजातील या तरुणाचे यश जळगावपेक्षाही किनवटसारख्या बंजाराबहुल तालुक्‍याला अधिक जवळचे वाटावे, यात नवल नाही. तथापि, या यशाकडे केवळ कौतुकाने पाहून चालणार नाही. त्यामागील व्यवहार समजून घेणे अधिक गरजेचे आहे.

राठोड एका रात्रीत प्रसिद्ध झाले, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. 'नऊवारी', 'बाप्पावाला गाना' अशा गाण्यांतून त्यांनी आपला श्रोता आधीच जोडला होता. त्यांना काळाचीही साथ लाभली. २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर मोबाईल डेटा स्वस्त झाला आणि खेड्यातील तरुणाच्या हाती गाणे ऐकण्याचे, तसेच ऐकविण्याचे साधन आले. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पाठोपाठ इन्स्टाग्रामचे 'रील' सुरू झाले. अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीला साजेशी चाल आणि सहज ओठांवर बसणारे शब्द यांना त्यामुळे मोल आले. नटूनथटून छायाचित्र काढून घेण्याची हौस हाच 'गुलाबी साडी'चा विषय आहे. ज्या माध्यमातून गाणे पसरले, त्या माध्यमाचीच ती नस होती. पुढे २०२५ मध्ये आलेल्या 'शेकी'त हिंदी मालिकांतून परिचित असलेल्या ईशा मालवीय झळकल्या. पूर्वी मराठी गायक हिंदीच्या दारी जात असे. येथे हिंदीतील चेहरा मराठी गाण्यात आला.

या बदलाचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. महाकवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४) हेही स्वतः लिहीत, स्वतः गात आणि गावोगाव फिरत. मराठवाड्याच्या वस्त्यावस्त्यांत त्यांची गीते मुखोद्‌गत आहेत. मात्र, गाणे जनतेच्या ओठी असणे आणि त्याचे मोल कवीच्या पदरी पडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे कॅसेटचा जमाना आला आणि लोकगीते घरोघरी पोचली. पण गीतकाराच्या हाती बहुधा एकरकमी बिदागी टेकवली जाई आणि हक्क कंपनीकडे राहत.

या प्रथेला कायद्याने पायबंद घातला तो २०१२ मध्ये. गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी आग्रह धरला होता. स्वामित्व हक्क कायद्यातील त्या दुरुस्तीनुसार गीतकार व संगीतकार यांचा मानधनातील वाटा आता लिहून घेऊनही काढून घेता येत नाही. हक्क हस्तांतर लेखी व स्वाक्षरीनिशीच व्हावे लागते. करारात मुदत नमूद नसेल, तर ती पाच वर्षांची आणि क्षेत्र नमूद नसेल, तर ते भारतापुरते धरले जाते. गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजेच वामनदादांच्या गीतांचा स्वामित्व हक्क २०६४ अखेरपर्यंत कायम राहणार आहे. किती लेखक-कलावंतांच्या वारसांना याची जाणीव आहे, हा प्रश्‍न वेगळा!

किनवटच्या दृष्टीने खरा पेच येथेच आहे. होळीला तांड्यावर घुमणारी लेंगी आणि दिवाळीत गोंड गुड्यांवर रंगणारी दंडारी या गीतांना एक कवी नाही की एक मालक नाही. ती समाजाची आहेत. मात्र, अशी एखादी चाल कोणी ध्वनिमुद्रित करून स्वतःच्या नावे नोंदविली, तर यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा उद्या त्याच चालीवर गाणाऱ्या दुसऱ्या मुलाची चित्रफीत अडवू शकते. पिढ्यान्‌पिढ्या गायलेले गाणे आपलेच आहे, हे सिद्ध करण्याची पाळी तेव्हा तांड्यावर येईल.

'स्वतंत्र' या शब्दालाही मर्यादा आहेत. कॅसेट कंपनीच्या दारातील ताटकळणे संपले असले, तरी आता कोणते गाणे किती जणांपुढे न्यायचे, हे परदेशी कंपन्यांची गणिते ठरवितात. त्यांनी नियम बदलले की कलावंताचे उत्पन्न बदलते. एका राठोड यांच्या यशामागे न ऐकली गेलेली अगणित गाणी पडून आहेत, हेही विसरता येणार नाही. म्हणूनच शेती-शिक्षण सोडून गाण्यामागे धावा, असा सल्ला या यशातून कोणी काढू नये.

मात्र एक धडा निश्‍चित घ्यावा. राठोड यांचे वेगळेपण केवळ गळ्यात वा चालीत नाही. शब्द, सूर आणि प्रसिद्धीचे साधन त्यांनी स्वतःकडे ठेवले, यात ते आहे. आपल्याकडील होतकरू गायक मात्र गाणे आधी मोबाईलवर टाकतात आणि कागदपत्रांचा विचार गाणे गाजल्यावर करतात. शब्द कोणाचे, चाल कोणाची, ध्वनिमुद्रणाचा खर्च कोणाचा आणि वाटा किती, हे एका कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घेणे, गीतकार-संगीतकारांसाठी १९६९ पासून कार्यरत असलेल्या 'आयपीआरएस' या संस्थेचे सभासद होणे, ही कामे फार अवघड नाहीत. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतून आणि समाजाच्या मेळाव्यांतून गायनाच्या स्पर्धा पुष्कळ होतात. त्यांच्या जोडीला तासभर या कायद्याची माहिती दिली गेली, तरी गाणे गाजल्यावर पस्तावण्याची वेळ येणार नाही.