दक्षिण नेमकी कोणाची?

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाची, मुंबईचा अपवाद वगळता, अशी समजूत असते की महसुली जिल्हा आणि शिक्षण खात्याचा जिल्हा एकच. कर्नाटकात तसे नाही. येथे महसुली जिल्हे 31, तर शैक्षणिक जिल्हे 35. बेळगावातून चिकोडी, तुमकूरमधून मधुगिरी, उत्तर कन्नडमधून शिरसी असे वेगळे शैक्षणिक जिल्हे काढले गेले. बंगळुरू शहराचे मात्र 'उत्तर' आणि 'दक्षिण' असे दोन भाग झाले.

चिकोडी, मधुगिरी, शिरसी ही प्रामाणिक नावे आहेत. निपाणीच्या पालकाला 'चिकोडी' म्हटले की कुठल्या गावी जायचे हे कळते. 'बंगळुरू दक्षिण' हे गावाचे नाव नव्हे, ती केवळ दिशा आहे. आणि दिशेवर कोणाचीही मालकी नसते.

त्याचा प्रत्यय 2025 साली आला. 2007 मध्ये बंगळुरू ग्रामीणमधून वेगळ्या झालेल्या रामनगर जिल्ह्याचे नाव राज्य सरकारने 'बंगळुरू दक्षिण' असे केले. त्या वर्षीच्या दहावीच्या निकालात 'रामनगर' आणि 'बंगळुरू दक्षिण' हे दोन निरनिराळे शैक्षणिक जिल्हे होते. त्याच वर्षी सप्टेंबरात शहराच्या पाच महानगरपालिका झाल्या, त्यांतलीही एक 'दक्षिण'. लोकसभेचा मतदारसंघ होताच.

समर्थक म्हणतात, हा भाग मूळचा बंगळुरू जिल्ह्याचाच; शिवाय राजधानीच्या नावाने गुंतवणूक येईल. येवो बापडी! परंतु अर्थशास्त्राचा साधा नियम असा, की लाभ कोणाला आणि खर्च कोणाला हे दोन्ही मांडल्यावाचून हिशेब पुरा होत नाही. येथे लाभ जमिनीच्या मालकाला. खर्च त्या पालकाला, जो मुलाच्या गुणपत्रिकेतली चूक दुरुस्त करण्यासाठी अर्धा दिवस रजा टाकून चुकीच्या 'दक्षिणे'त रांगेत उभा राहतो. संगणकाला सांकेतिक क्रमांक पुरतो; शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक कोणत्या पालकाला पाठ असतो?

नाव ही प्रशासनाची पहिली सेवा आहे. मंत्रिमंडळापुढे नामांतराचा प्रस्ताव ठेवताना त्या नावाचा आधीच वापर करणाऱ्या प्रत्येक खात्याचे मत घेणे सक्तीचे असावे. आणि शहरातल्या शैक्षणिक जिल्ह्यांना त्यांचे कार्यालय ज्या वस्तीत आहे तिचे नाव द्यावे. चिकोडीला जे जमले, ते राजधानीला जमू नये?