मॅजिक मशरूमची रील पाठवणाऱ्यांसाठी

गेल्या महिन्याभरात चार-पाच जणांनी एकच रील पाठवली. 'डिप्रेशन एका डोसमध्ये गायब, परदेशात मान्यता, आपल्यापासून का लपवतात?' खाली 'कुठे मिळेल भाऊ' विचारणाऱ्यांची रांग. एकाने तर सरळ विचारलं, दादा, बायकोच्या गोळ्या बंद करून हे सुरू केलं तर? त्याच्याशी फोनवर बोललोच. बाकीच्यांसाठी इथे लिहितो.

रील अगदीच थाप नाही. संशोधन खरं आहे आणि त्यात दमही आहे. मशरूममधला सायलोसायबिन हा घटक, नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनच्या २३३ रुग्णांवर तपासला, निकाल २०२२ मध्ये छापून आले. २५ मिलिग्रॅमचा एक डोस घेतलेल्यांपैकी ३७ टक्के लोकांना तीन आठवड्यांनी चांगला फरक होता. नावापुरतं १ मिलिग्रॅम दिलेल्यांत १८ टक्के. पण बारा आठवडे टिकलेला फरक मोजला तर ३७ चे २० उरले. आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा करून घेण्याचे प्रकारही काहींच्या बाबतीत नोंदले गेले. 'गायब' कुठाय यात?

दुसरं एमडीएमए. आपल्याकडे रेव्ह पार्टीवरच्या छाप्याच्या बातमीत येतं तेच. अमेरिकेत ते पीटीएसडीसाठी, म्हणजे युद्ध, बलात्कार, अपघात असा आघात मनात रुतून बसतो त्या आजारासाठी तपासलं. २०२३ च्या चाचणीत १०४ जण होते. एमडीएमए घेतलेल्यांपैकी ७१ टक्के लोक शेवटी पीटीएसडीच्या निकषातून बाहेर आले. आणि खोटी गोळी घेतलेल्यांपैकी? ४८ टक्के!

हा ४८ चा आकडा कुठल्याच रीलमध्ये नसतो. दोन्ही गटांना गोळीसोबत साधारण ४२ तासांची थेरपी होती. आधी तयारीच्या बैठका, मग आठ-आठ तासांची तीन सत्रं, शेजारी दोन थेरपिस्ट, नंतर पुन्हा बैठका. म्हणजे नुसतं नीट ऐकून घेणारं, शिकलेलं माणूस मिळालं तरी निम्म्याच्या आसपास लोक सावरले. इन्स्टावरून मागवलेल्या पुडीसोबत यातलं काय येतं?

तरीही अमेरिकेच्या एफडीएने ऑगस्ट २०२४ मध्ये परवानगी दिली नाही, अजून एक मोठी चाचणी करा म्हणाले. त्याआधी त्यांच्याच सल्लागार समितीने १० विरुद्ध १ मतांनी सांगितलं होतं की फायदा धोक्यापेक्षा जास्त असल्याचं सिद्ध झालेलं नाही. एक अडचण अशी, की खरी गोळी मिळाली हे पेशंटला लगेच कळतं. मग फरक औषधाचा की आशेचा, हे ठरवणार कसं? आधीच्या एका चाचणीत थेरपिस्टनेच पेशंटशी गैरवर्तन केलं होतं, आणि त्या माहितीवरचे तीन शोधनिबंध मागे घ्यावे लागले. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून परवानगी आहे हे खरं, पण खास मंजुरी घेतलेल्या मानसोपचारतज्ज्ञांनाच. मेडिकलमधून आणून घरी घ्यायची ती वस्तू नव्हे.

आणि चाचणीत कुणाला घेत नाहीत ते बघा. स्किझोफ्रेनिया असलेल्यांना नाही, बऱ्याच चाचण्यांत तर घरात जवळच्या कुणाला असेल तरी नाही. बीपी आटोक्यात नसेल तर नाही. चालू गोळ्या बंद करायच्या त्या डॉक्टरच्या नजरेखाली, हळूहळू. आपल्याकडे 'काका जरा वेडसर होते' एवढंच घरात बोललं जातं, निदान कुणी केलेलं नसतं. तो पोरगा स्वतःला कुठल्या रकान्यात टाकणार? वर एनडीपीएस कायदा आहेच, पकडला गेला तर 'उपचारासाठी घेतलं' हे कोण ऐकणार.

संशोधनाला माझा विरोध नाही, आपल्या देशातही परवानगी घेऊन ते व्हावं. पण आपली अडचण वेगळी आहे. निमहान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बहुतेक मानसिक आजारांत ७० टक्क्यांहून जास्त रुग्ण उपचाराविनाच आढळले होते. तालुक्यात ४२ तास सोडा, ४२ मिनिटं ऐकणारं कुणी आहे का? रात्री-अपरात्री कुणाला फारच जड गेलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. सेव्ह करून ठेवा.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात आपल्याकडे समुपदेशकांची पदं किती आणि भरलेली किती, हे माहितीच्या अधिकारात विचारलंय. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकतो.